ज्याच्या हाती चेंडू येत नाही

वीरांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. वीराच्या पुढे ढाल धरून उभा राहणाऱ्याचे चरित्र मात्र सहसा कोणी लिहीत नाही, आणि त्याने स्वतः लिहायला घेतलेच तर छापायला कोणी तयार होत नाही. महाभारतातला एक सारथी बोलला आणि त्याची गीता झाली, हे खरे. पण ते भाग्य सगळ्याच सारथ्यांना कोठले? बहुतेकांचा हिशेब रथाच्या धुळीबरोबरच बसून जातो. म्हणूनच असा एखादा ढालकरी आपल्या तोंडाने बोलू लागला, आणि नेटके बोलू लागला, म्हणजे वाचकाने कान टवकारावेत. जेरी क्रेमर या अमेरिकन फुटबॉलपटूचे ‘इन्स्टंट रिप्ले’ हे १९६८ सालचे पुस्तक या जातीचे आहे. ते खेळाचे पुस्तक म्हणून विकले गेले, खूप विकले गेले; परंतु त्याचा विचार वाङ्मय म्हणून व्हावा अशी माझी समजूत आहे, आणि तोच येथे करावयाचा आहे.

प्रथम खेळ समजून घेऊ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचे काम थोडे आणि खांद्याचे फार. चेंडू लांबट, नारळासारखा. दोन्ही बाजूंचे अकरा अकरा गडी समोरासमोर उभे राहतात, आणि चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो हातात घेऊन धावत किंवा फेकत पुढच्या सीमेपलीकडे न्यावयाचा, असा मामला. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. घेऊन पळणारे ते वेगळे. टाळ्या या मंडळींना. त्यांच्या पुढे रेषेवर पाच दांडगे गडी वाकून बसलेले असतात. मधला तो सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना दोन गार्ड आणि त्यांच्या बाहेर दोन टॅकल. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तेवढाच काय तो त्याचा आणि चेंडूचा संबंध. बाकीच्या चौघांना तोही नाही. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांना नियमानेच बंदी आहे. त्यांनी समोरच्या गड्याला अंगावर घ्यावे, ढकलावे, अडवावे, आणि मागच्याला वाट करून द्यावी. डावातली ही झोंबी चारपाच सेकंदांत संपते. पुन्हा उठायचे, पुन्हा वाकायचे. सामना संपल्यावर वर्तमानपत्रात कोणी किती यार्ड धावला, कोणी किती चेंडू फेकले, याचे आकडे येतात. रेषेवरच्या गड्याच्या नावापुढे आकडाच नसतो. त्याचे नाव पुकारले जाते ते बहुधा त्याची चूक झाली म्हणजे.

जेरी क्रेमर हा असा उजवा गार्ड. उंची सहा फूट तीन इंच आणि वजन सुमारे २४५ पौंड, म्हणजे एकशे अकरा किलोच्या घरात. १९३६ साली मॉन्टाना राज्यातल्या जॉर्डन या लहान गावी जन्मला, आयडाहो राज्यातल्या सँडपॉइंट येथे वाढला, त्याच राज्याच्या विद्यापीठात खेळला आणि १९५८ साली ग्रीन बे पॅकर्स या संघात दाखल झाला. ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातले थंडगार गाव. आजही त्याची वस्ती जेमतेम लाखभर आहे. अमेरिकेतले इतर व्यावसायिक संघ धनवंतांच्या मालकीचे, हा एक मात्र गावकऱ्यांच्या भागभांडवलावर चालणारा, आणि भागधारकांना नफा न देणारा. क्रेमर आला त्या वर्षी संघाने बारा सामन्यांत एक जिंकला, एक बरोबरीत सोडवला आणि दहा गमावले. दुसऱ्या वर्षी, १९५९ साली, व्हिन्स लोंबार्डी हा प्रशिक्षक आला, आणि पुढच्या नऊ हंगामांत या गावाने पाच अजिंक्यपदे मिळवली. त्यांपैकी १९६२ सालचे न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर सोसाट्याच्या वाऱ्यात मिळाले. त्या दिवशी नेहमीचा पदाघात करणारा जायबंदी असल्यामुळे ते काम आपल्या गार्डाकडे आले, आणि त्याने तीनदा चेंडू दांड्यांमधून धाडला. सामना १६-७ असा जिंकला. चेंडूचा आणि त्याचा स्नेह जडला तो असा पायापुरताच.

आता पुस्तकाकडे वळू. डिक शाप नावाच्या न्यूयॉर्कच्या पत्रकाराने क्रेमरला एकदा मोठ्याने कविता वाचताना पाहिले होते. एवढा आडदांड गडी, आणि कविता! हे चित्र शापच्या मनात राहिले. पुढे फुटबॉलपटूची रोजनिशी काढावी असे मनात आले तेव्हा त्याला हाच आठवला. ठरले ते असे की १९६७ सालच्या हंगामात क्रेमरने दिवसाचे अनुभव ध्वनिफितीवर बोलून ठेवावेत आणि शापने ते उतरवून, निवडून, रचून द्यावेत. यावर कोणी म्हणेल की मग लेखक कोण? प्रश्न योग्य आहे, आणि आपल्याला नवाही नाही. वरसईच्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली आपल्या हाती आला तो चिंतामणराव वैद्यांच्या संस्कारातून. मूळ लिखाण जसेच्या तसे छापून यायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. संस्कार करणारा कितीही सज्जन असला तरी त्याची कात्री कोठे चालली हे वाचकाला दिसत नाही. तथापि ‘इन्स्टंट रिप्ले’मध्ये बोलण्याचा सूर मोडलेला नाही, ही मला शापची मोठी कर्तबगारी वाटते. वाक्ये आखूड आहेत. आज जे बोलला ते उद्या फिरवले, तर तेही तसेच ठेवले आहे. सकाळी प्रशिक्षकाला शिव्याशाप आणि रात्री त्याच्याविषयी गहिवर, अशा नोंदी पाठोपाठ येतात. कसलेल्या लेखकाने यांतली एक गाळली असती.

रोजनिशीचा मोठा भाग सरावाचा आहे. उन्हाळ्यातले शिबिर, उलट्या होईपर्यंतची दमछाक, जेवणाच्या वेळा, वजनाचा काटा, चित्रफिती लावून आपल्या चुका सर्वांदेखत पाहणे. काही वाचकांना हे कंटाळवाणे वाटते. मला तो या पुस्तकाचा कणा वाटतो. खेळाच्या बहुतेक पुस्तकांत सामने असतात. सामन्यांच्या मधले दिवस नसतात. मजुराचे आयुष्य मधल्या दिवसांतच जाते. येत्या रविवारी समोर कोण उभा राहणार, या एका विचाराने क्रेमरचा सगळा आठवडा भारलेला असतो. डेट्रॉइटचा ॲलेक्स कॅरास, लॉस एंजेलिसचा मर्लिन ओल्सन ही नावे तो अशा काही धास्तीने घेतो की परीक्षेच्या आदल्या आठवड्यातला विद्यार्थी आठवावा. कॅरासचा राग यावा म्हणून तो मनातल्या मनात प्रयत्न करतो. आणि ओल्सनविषयी आदर वाटतो म्हणून त्याची पंचाईत होते. ज्याला पाडायचे त्याचा द्वेष करता येत नाही, ही अडचण कादंबरीत आली असती तर समीक्षकांनी तिचे कौतुक केले असते. येथे ती सहज, दोन ओळींत येऊन जाते.

पुस्तकाचा खरा नायक मात्र क्रेमर नव्हे, लोंबार्डी आहे. हा गृहस्थ मुळात शाळामास्तर. न्यू जर्सीतल्या एंगलवुड येथील सेंट सेसिलिया हायस्कुलात तो फुटबॉलबरोबर लॅटिन, पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवीत असे. विद्यापीठात असताना तो स्वतः रेषेवरचा गार्ड होता, आणि म्हणूनच रेषेवरच्या माणसाचे मोल त्याला ठाऊक होते. पॅकर्सचा जो डाव देशभर गाजला त्यात दोन्ही गार्ड, क्रेमर आणि फझी थर्स्टन, जागा सोडून बाजूला धावत आणि चेंडूवाल्याच्या पुढे वाट झाडीत. आम्हा मास्तर मंडळींना लोंबार्डीचे प्रकरण वाचताना कोठे खाली पाहावे लागते, तर कोठे मान ताठ होते. तो ओरडतो, अपमान करतो, दंड करतो, जखमेला जखम म्हणत नाही.

एक प्रसंग क्रेमर पुढे आयुष्यभर सांगत आला. सरावात इशाऱ्याआधीच तो पुढे झेपावला. लोंबार्डी नाकाला नाक लावून उभा राहिला आणि कॉलेजातल्या मुलाचे लक्ष किती मिनिटे टिकते, हायस्कुलातल्याचे किती, बालवर्गातल्याचे किती, हे ऐकवून त्याने याला बालवर्गाच्याही खाली बसवले. क्रेमर कपडे बदलायच्या खोलीत मान खाली घालून बसला. हा धंदा सोडावा असे त्याच्या मनात आले. तेवढ्यात लोंबार्डी आत आला, त्याने याच्या केसांतून हात फिरवला आणि एक दिवस तू या खेळातला सर्वोत्तम गार्ड होशील असे सांगून निघून गेला. क्रेमर म्हणतो, आपण घडलो ते त्या क्षणी.

या गोष्टीचा पूर्वार्ध जगभरच्या कडक गुरूंनी पाठ केला आहे. छडी लागे छमछम ही आपलीही जुनी श्रद्धा. परंतु गोष्ट नीट वाचली तर औषध उत्तरार्धात आहे. नुसत्या पूर्वार्धावर क्रेमर घरी गेला असता. मुलाला तोडून बोलणे कोणालाही जमते. तो एकटा कोठे जाऊन बसला आहे हे लक्षात ठेवून त्याच्यामागे जाणे, आणि त्याच्यात जे अजून दिसत नाही ते त्याला सांगणे, हे थोड्यांना जमते. क्रेमरने भक्तिभावाने दोन्ही भाग सांगितले म्हणून आपल्याला हा निवाडा करता येतो. पण त्याच भक्तीने त्याची दृष्टी काही ठिकाणी मंदही झाली आहे, आणि येथे मला पुस्तकाविरुद्ध बोलावे लागते.

तो मुद्दा शरीराचा. क्रेमरचे शरीर म्हणजे अपघातांचा संग्रह. पोरवयात बंदुकीच्या छऱ्यांनी हात फाटला. सतराव्या वर्षी एका वासरामागे धावताना लाकडाची मोठी ढलपी जांघेतून आत घुसली. ती काढली असे सर्वांना वाटले. पण तिचे तुकडे पोटात राहिले होते, आणि दहाबारा वर्षांनंतर, १९६४-६५ च्या सुमारास, हा माणूस मरणार असे बोलले जात असताना शस्त्रक्रियेने ते बाहेर निघाले. तेवढे झाल्यावर तो पुन्हा रेषेवर उभा राहिला. त्याच्यावर वीसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. टाक्यांच्या व्रणांमुळे सोबती त्याला ‘झिपर’ म्हणत. रोजनिशीत हे सगळे थट्टेवारी येते. वेदना आहेत, पण वेदनेचा हिशेब नाही. दुखते आहे असे तो लिहितो. हे दुखणे पुढे कोणाच्या खात्यावर मांडायचे, असे विचारीत नाही. घरची माणसेही कडेकडेनेच येतात. ज्या प्रशिक्षकापुढे दुखणे हा शब्द उच्चारायचा नाही, त्याच्या छायेत लिहिलेल्या रोजनिशीत हा प्रश्न उमटला नाही, याचे नवल नाही. पण वाचकाने तो विचारलाच पाहिजे.

कारण उत्तर पुढच्या काळाने दिले आहे. त्याच विस्कॉन्सिन राज्यात १९५२ साली जन्मलेला, बटाट्याच्या शेतावर वाढलेला माइक वेब्स्टर हा पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर. सतरा हंगाम त्याने डोके पुढे करून टकरा घेतल्या, चार सुपर बोल जिंकले आणि १९९७ साली खेळाडूंच्या कीर्तिमंदिरात मानाने बसला. तोवर त्याचे चित्त भ्रमले होते. कधी कधी तो आपल्या गाडीतच झोपत असे. २००२ साली पन्नासाव्या वर्षी तो वारला. डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, आणि वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा विकार त्यात आढळल्याचे सहकाऱ्यांसह २००५ साली प्रसिद्ध केले. खेळाच्या चालकांनी बरीच वर्षे हात झटकले. फुटबॉल आणि हा विकार यांचा संबंध त्यांच्या एका अधिकाऱ्याने उघड मान्य करायला २०१६ साल उजाडले. ‘इन्स्टंट रिप्ले’ आज वाचणाराने वेब्स्टरची हकीकत शेजारी ठेवून वाचावे. एकात श्रमाचा अभिमान आहे, दुसरीत श्रमाचे देणे आहे. दोन्ही खरी आहेत.

आणि आता तो प्रसिद्ध डाव. कादंबरीकाराने असा शेवट लिहिला तर त्याला बनावट म्हणून हिणवतील. रोजनिशी ठेवणाऱ्याला तो दैवाने दिला. १९६७ च्या डिसेंबरची ३१ तारीख, स्थळ ग्रीन बे, समोर डॅलस काउबॉइज. हवा शून्याखाली सुमारे पंचवीस सेल्सियस. मैदानाखाली बसवलेली उष्णतेची यंत्रणा निकामी होऊन जमीन दगडासारखी झालेली; पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या म्हणून ते तोंडाने ओरडत होते. पॅकर्स १४-१७ असे मागे. सोळा सेकंद उरलेले, सीमा यार्डाच्या आत, म्हणजे आपल्या दोन हातांपेक्षाही जवळ, आणि खेळ थांबवण्याची सवलत संपलेली. क्वार्टरबॅक बार्ट स्टारने चेंडू कोणाला न देता स्वतःच घुसायचे मनात ठरवले, आणि घुसायचे ते क्रेमरच्या खांद्यामागून. समोर जेथ्रो प्यू. हा उठताना जरा उंच उठतो, हे क्रेमरने चित्रफितीत आधीच हेरून ठेवले होते. क्रेमर खालून शिरला, सेंटर केन बोमनने जोड दिली, प्यू हटला, स्टार आत पडला. सामना २१-१७.

आजवर अशा क्षणी जे होत आले तेच येथेही व्हायचे, म्हणजे स्टारचे नाव आणि रेषेवरच्यांचा विसर. पण दूरचित्रवाणीवर नुकताच एक नवा प्रकार आला होता. झालेला क्षण लगेच पुन्हा, सावकाश दाखवायचा. १९६३ साली प्रथम वापरलेल्या या युक्तीने त्या संध्याकाळी देशाला प्रथमच चेंडूकडे न पाहता ढालकऱ्याकडे पाहायला लावले. तोच तोच क्षण पुन:पुन्हा दाखवला गेला, आणि पुस्तकाला नाव मिळाले ते यातूनच. येथे क्रेमरने केलेल्या दोन गोष्टी मला त्याच्या विजयापेक्षा मोठ्या वाटतात. पहिली अशी की बोमनच्या मदतीने आपण प्यूला हलवले, हे त्याने स्पष्ट नोंदले. जगाने मात्र श्रेय त्याला एकट्यालाच वाहिले. तेव्हा न दिसणाऱ्यांतही एक आणखी न दिसणारा निघाला, आणि तो म्हणजे बोमन. दुसरी गोष्ट अशी की आपण इशाऱ्याच्या किंचित आधीच सुटलो नसू, हे शपथेवर सांगता येणार नाही, असे तो स्वतःच लिहून ठेवतो. ज्या चुकीसाठी त्याला बालवर्गात बसवले गेले होते तीच चूक आयुष्यातल्या सर्वांत थोर क्षणी झाली असेल, अशी कबुली! पंचांनी पकडले नव्हते, कोणी विचारले नव्हते. एवढे एक वाक्य गाळले असते तर कीर्ती निष्कलंक राहिली असती. ते ठेवले म्हणून पुस्तक विश्वासार्ह झाले. बाकीच्या सगळ्या पानांवर मी विश्वास ठेवतो तो या वाक्याच्या जामिनावर.

उरलेले थोडक्यात. त्या सामन्यानंतर दोन आठवड्यांनी पॅकर्सनी दुसरा सुपर बोल जिंकला, लोंबार्डीने ग्रीन बेचे प्रशिक्षकपद सोडले, आणि १९७० साली सत्तावन्नाव्या वर्षी कर्करोगाने तो गेला. क्रेमरने १९६८ च्या हंगामानंतर खेळ सोडला. १९८५ साली शापच्याच साहाय्याने त्याने ‘डिस्टंट रिप्ले’ हे दुसरे पुस्तक काढले. त्यात जुने सोबती काय झाले याचा शोध आहे. कोणी सुस्थितीत, कोणी गेलेले. लायनेल ऑल्ड्रिजसारखा खंदा गडी मानसिक आजाराने रस्त्यावर आलेला, आणि पुन्हा सावरलेला. पहिल्या पुस्तकाची झेप त्यात नाही. पण पहिल्याने न विचारलेला प्रश्न हे दुसरे दबक्या आवाजात विचारते. आणि २००७ च्या सुमारास हलाखीतल्या जुन्या खेळाडूंच्या औषधपाण्यासाठी निधी उभारण्यात क्रेमर स्वतः पुढे झाला. लोंबार्डीच्या या शिष्याला दुखणे हा शब्द उच्चारायला चाळीस वर्षे लागली. पण त्याने तो उच्चारला, आणि दुसऱ्यांसाठी उच्चारला.

मानाची कथाही अशीच. १९६९ साली खेळाच्या पहिल्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम संघ निवडला गेला, त्यात गार्डाच्या जागी क्रेमर होता. तरी ओहायोतल्या कॅन्टन गावच्या कीर्तिमंदिराचे दार त्याला उघडेना. नाव पुन:पुन्हा पुढे यावे आणि मागे पडावे. कारणे अनेक सांगितली गेली. एक तर उघडच होते, की गार्डाजवळ दाखवायला आकडे नसतात. मुलीने बापासाठी वर्षानुवर्षे मोहीम चालवली, आणि २०१८ साली, ब्याऐंशीव्या वर्षी, त्याचा पुतळा तेथे बसला. स्टार तेव्हा हयात होता. पुढच्याच वर्षी तो गेला.

‘इन्स्टंट रिप्ले’ला निर्दोष म्हणता येणार नाही. भक्ती फार आहे, आणि ज्या प्रश्नाने आज आपली झोप उडावी तो त्यात झोपलेला आहे. पण श्रमाचे इतके सरळ वर्णन, भीतीची इतकी साधी कबुली आणि गुरुशिष्यांमधल्या प्रेमाचे व जाचाचे इतके सच्चे चित्र खेळाच्या पुस्तकात मी दुसरीकडे वाचलेले नाही. घरात मैदानावर जाणारा मुलगा वा मुलगी असेल त्यांनी ते जरूर आणावे. पोरांना शेवटचा सामना वाचू द्यावा, आणि मोठ्यांनी त्या कपडे बदलायच्या खोलीतला प्रसंग दोनदा वाचावा.